काटा हलतो तोवर

मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका धर्मकाट्यावर मी एकोणीस वर्षं वजनं करतो. ट्रक लोखंडी प्लेटीवर येतो, माझ्या खिडकीतल्या यंत्रावर लाल आकडे उमटतात, मी पावती छापतो, ट्रक उतरतो. या एकोणीस वर्षांत खिडकीशी येऊन वजन न विचारणारा माणूस मी एकच पाहिला. बाकीचे विचारतात, "किती भरलं?" हा माणूस विचारायचा, "किती हलते?"

त्यांचं नाव लायसन्सवर होतं आणि ते मी पुष्कळदा वाचलं आहे. पण रस्त्यावर त्या नावानं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. आमच्याकडे वादळी वाऱ्याला वावधन म्हणतात. त्यावरून माघारी सगळे त्यांना वावधनमामा म्हणत, तोंडावर नुसतं मामा. वय साठीच्या अलीकडे, अंगानं काटक, डोकं मात्र मे महिन्याच्या उन्हातही उघडं. आमच्या भागात दुपारी दुपट्टा न बांधता फिरणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा मामा असतात. कारण विचारलं तर म्हणायचे, "कान झाकल्यावर हवा कशी आयकू येईन, बाबू?" मला ते बाबू म्हणत.

काटा हलतो म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे. आमचा काटा साठ टनांचा आहे. दहा दहा किलोंच्या टप्प्यानं आकडा बदलतो. हवा शांत असेल तर ट्रक उभा राहिल्यावर तीन-चार सेकंदांत आकडा थिरावतो, बाजूचा हिरवा दिवा लागतो, आणि मगच पावती छापता येते. पण आडवी हवा असली की ती ट्रकच्या उभ्या अंगाला ढकलते, ट्रक चाकांवर किंचित डुलतो आणि आकडा थिरावत नाही. नऊ हजार तीनशे चाळीस, नऊ हजार तीनशे साठ, नऊ हजार तीनशे दहा, पुन्हा चाळीस. गाडी जितकी उंच आणि जितकी रिकामी, तितकं हे जास्त. भरलेला ट्रक हवेत फारसा हलत नाही. म्हणजे माझ्या लेखी हवा हा वजनातला दोष होता. मामांच्या लेखी काट्याचं खरं काम तेच होतं.

ते रिकामी गाडी घेऊन आले की खाली उतरत, खिडकीला दोन्ही कोपरं टेकवत आणि आकड्याकडे बघत बसत. वजन लिहून घेत नसत. सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान आकडा वजा करत.

"चाळीस हलून राह्यला. आज बीस-पचीसच्या वर गाडी नेत नाही मी."

"मामा, मोबाईलवर हवा दाखवते ना आता," मी एकदा म्हणालो.

"मोबाईल जिल्ह्याची हवा सांगते, बाबू. मले माह्या गाडीची पाह्यजे."

त्यांच्या गाडीच्या उजव्या आरशाच्या दांडीला जुन्या धोतराची हातभर चिंधी बांधलेली असे. तिच्या चार अवस्था त्यांनी ठरवल्या होत्या: लोंबते, हलते, नाचते आणि ताठ. लोंबते तोवर चालवायचं, हलते तेव्हा दोन्ही हात स्टेअरिंगवर घ्यायचे, नाचते तेव्हा वेग अर्धा करायचा, आणि ताठ झाली की पहिली मोकळी जागा बघून गाडी थांबवायची, तीही हवेकडे तोंड करून. "ढोर हवेले पाठ देते," ते म्हणत, "गाडीनं तोंड द्यावं. कूस कोणीच देऊ नये." स्टेअरिंग कसं धरायचं तेही ते खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून दाखवत. आवळून नाही, पाखरू धरल्यासारखं. आवळून धरलं की झोत आल्यावर माणूस घाबरून जादा फिरवतो आणि गाडी हवेनं नाही, त्या फिरवण्यानं जाते.

रिकाम्या ट्रकवर ताडपत्री ताणलेली त्यांना चालत नसे. ते ती सोडून घडी करून केबिनमागे बांधत. ट्रकच्या तळाशी त्यांनी रेतीची चाळीस पोती मांडून ठेवली होती. पन्नास किलोचं एक, म्हणजे दोन टन. ती मी स्वतः मोजली, कारण रिकाम्या गाडीचं वजन दोन टन जास्त का, हे पावतीत खटकत होतं. बाकीचे ड्रायव्हर हसत. "मामा सोताचं वावर घेऊन फिरते," असं म्हणत. मालकांना मात्र हसू येत नसे. दोन टन रेतीला डिझेल लागतं आणि थांबलेल्या गाडीला भाडं मिळत नाही. माझ्या बघण्यात अकरा वर्षांत मामांनी आठ मालक बदलले. बदलले म्हणजे आठांनी काढलं. एक मालक माझ्यासमोरच म्हणाला होता, "माणूस चांगला हाय, पण त्याले हवा लागली." मामांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. त्यात टोमणा आहे हे त्यांना कळलं नसावं, किंवा कळूनही त्यांना ते बरोबरच वाटलं असावं.

मला वाटायचं, या माणसाचा कधीतरी मोठा अपघात झाला असणार. एकदा चहा पिताना मी विचारलं. त्यांनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. ते चहाही तसाच पीत, आधी कप ठेवून त्यातली साय थरथरते का बघून. "नाही झाला," ते म्हणाले. "साप चावल्यावरच सापाले भ्यावं, असं कुठं लिवलं हाय?" चौतीस वर्षं ते गाडी चालवत होते. त्यात एक बैलगाडीचं जू, एक बकरी आणि एका लग्नाच्या मांडवाचा खांब, एवढंच त्यांच्या नावावर होतं. तो खांबही त्यांच्या मते आधीपासून वाकडा होता.

त्यांचं एक वाक्य मला फार दिवस उलटं वाटत असे. ते म्हणत, "हवा नाही मारत बाबू, आडोसा मारते." मी म्हणालो, आडोशानं तर हवा अडते. तेव्हा त्यांनी बोटानं कठड्यावरच्या धुळीत रेघ काढली. आमच्या काट्यापासून लोणारच्या बाजूला रस्त्याच्या पश्चिमेला बाभळींची दाट रांग आहे. तिच्या आड गाडी चालते तेव्हा ड्रायव्हरला हवा कळत नाही. हात सैल पडतात, पाय दाबला जातो. मग रांग संपते आणि माळ लागतो. त्या माळावर झाड नाही, घर नाही, विजेचा खांबही रस्त्यापासून लांब. बाभूळ संपते त्या क्षणी इतका वेळ अडलेली सगळी हवा एकदम गाडीच्या कुशीत येते. "माळावर हवा हाय हे ज्याले ठाऊक, तो नाही मरत. ज्याले वाटते आज हवाच नाही, तो जाते." धुळीतली रेघ त्यांनी तळहातानं पुसली आणि हात पँटीला पुसला.

आता त्या एका दुपारबद्दल. मे महिना होता, चार वाजले होते. मामांची गाडी कुटाराची होती. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, हलकं असतं, म्हणून ते भरायला ट्रकच्या कडांना बांबू आणि पोत्यांच्या भिंती उभारून बॉडी उंच करतात. मामा ती रिकामी गाडी घेऊन प्लेटीवर आले. हवा भणाणत होती. यंत्रावर आकडा नुसता पळत होता आणि हिरवा दिवा काही लागेना.

मी खिडकीतून म्हणालो, "मामा, खाली घ्या गाडी. मागच्यांचं होऊ द्या, मग या."

"काटा हलते तोवर मी हलत नाही."

मला वाटलं गंमत आहे. ते चावी खिशात घालून खाली उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. मागे रांग लागली. मी मोजल्या, अकरा गाड्या होत्या. हॉर्न सुरू झाले. सगळ्यात मोठा आवाज साखरखेर्ड्याच्या एका ड्रायव्हरचा होता. तो पस्तिशीचा, गोरा, तोंडाळ, आणि मामांना छेडण्यात सगळ्यांच्या पुढे. तो केबिनमधून उतरून आला.

"मामा, काऊन उभे राह्यले? हवेचं लगन हाय काय आज?"

"हाव. तू वऱ्हाडी हाय. बस मांडवात."

"अन् जेवण कवा?"

"पंगत माळावर हाय. घाई असन तं जाय पुढं, पयली पंगत तुह्यीच बसन."

लोक हसले. काट्याचे मालक मोटारसायकलवर आले, तेही ओरडले. मामा हलले नाहीत. एक्केचाळीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, कारण मालकांना मला सांगावं लागणार होतं. रांगेतल्या दुसऱ्या एका कुटाराच्या गाडीचा ड्रायव्हर कंटाळला. वजन उद्या करू म्हणून तो कडेनं निघून गेला. मामा त्याच्या गाडीपुढे धावले, हात आडवे केले. तो त्यांना चुकवून गेला.

पावणेपाचला हवा पडली, हिरवा दिवा लागला, मी पावती छापली. मामांनी ती न बघता खिशात घातली. थोड्याच वेळात फोन आला की बाभळी संपतात तिथे कुटाराची गाडी शेतात आडवी पडली आहे. ड्रायव्हरचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, जीव वाचला. त्याला केबिनमधून बाहेर काढणाऱ्यांत वजन करून मागोमाग गेलेला साखरखेर्डेवाला होता.

दुसऱ्या दिवशी मामा आले, तेव्हा मला वाटलं आज यांची छाती फुगलेली असेल. तसं काही नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "काल जास्तीत जास्त किती हलला होता?" मी कालचं आठवून सांगितलं, सत्तर किलो. त्यांनी केबिनच्या दारावर आतून खडूनं ७० लिहिलं. मी त्यांना समजावून सांगितलं की हा आकडा सगळ्या गाड्यांना लागू होणार नाही, उंची वेगळी, लांबी वेगळी, वजन वेगळं. काटा हे हवामानाचं यंत्र नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "धर्मकाटा म्हन्ता, अन् खरं बोलाले भेता," एवढंच म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात साखरखेर्डेवाला रिकामा कंटेनर घेऊन आला. पावती घेतली, दोन पावलं गेला, परत आला, आणि हसत हसत विचारलं, "काका, काटा हलते का?"

तो हसत होता, पण उत्तर ऐकल्याशिवाय गेला नाही. मी सांगितलं, वीस. तो "बरं हाय" म्हणाला आणि गेला. पुढे तो दर वेळी विचारू लागला. चेष्टेचा सूर दोन-तीन महिन्यांत गळून पडला, प्रश्न तेवढा राहिला. एकदा मी पन्नास सांगितलं, तर त्यानं गाडी बाजूला लावली आणि तासभर आमच्या ओट्यावर झोपला. मामांना मी हे सांगितलं. त्यांना आनंद झालेला मी तेव्हा एकदाच पाहिला. "तो? तो तोंडफाट्या?" ते म्हणाले. खिशातून बिडी काढली, पेटवायची विसरले, तशीच तोंडात धरून गाडीकडे गेले. पुढल्या खेपेला त्यांनी जुन्या धोतराची एक नवी चिंधी फाडून आणली आणि माझ्याजवळ दिली. "त्याले द्याल. आरशाले बांध म्हना." मी दिली. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "बाप्पा, आता धोतरबी यायचं." पण त्यानं ती बांधली नाही, डॅशबोर्डवर ठेवली. म्हणाला, "चिंधी कायले पाह्यजे, काका? तुमचा काटा हाय ना."

आता माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे.

हलता आकडा मला सहन होत नसे. तूर विकणारा आणि घेणारा दोघं खिडकीशी उभे असत आणि चाळीस किलोंवरून एकमेकांच्या अंगावर जात. दोघंही माझ्याकडे बघत. हिरवा दिवा क्षणभर लागतो तेव्हा छापलेला आकडा कायद्यानं बरोबर असतो, पण तो खरा आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतो. घरीसुद्धा मला त्याची रुखरुख लागे. बायको म्हणायची, "तुम्ही काटा घरी घेऊन येता." शेवटी मी मालकांना काट्याच्या पश्चिम बाजूला पत्र्याची भिंत उभारायला सांगितलं. नकाशा मी काढला. प्लेटीची लांबी साठ फूट. तीन फुटांचा एक पत्रा, म्हणजे वीस पत्रे. उंची चौदा फूट, म्हणजे कंटेनरच्या माथ्याच्याही वर. मालकांना पटलं. आठवड्यात भिंत उभी राहिली.

तेव्हा मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बुलडाण्याला होते. महिन्यानं काळा चष्मा लावून आले. गाडी प्लेटीवर घेतली, उतरले, कोपरं टेकवली. आकडा तीन सेकंदांत थिरावला. अकरा हजार तीनशे चाळीस. हिरवा दिवा. त्यांनी वाट पाहिली. आकडा हलला नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. बाहेर हवा होती. पत्रे वाजत होते.

"याले काय झालं?"

मी अभिमानानं भिंत दाखवली. वीस पत्रे, चौदा फूट, असं सगळं सांगितलं. ते भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेले, कडेवरून पलीकडे डोकं काढलं, त्यांचे पांढरे केस सगळे एका बाजूला झाले. परत आले.

"माह्या डोयातला पडदा काढला, अन् तुम्ही काट्याच्या डोयावर लावला."

"मामा, काटा वजनासाठी असते. हवेसाठी तुमची चिंधी हाय ना."

"माह्यी चिंधी हाय, बाबू. बाकीच्याइची?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "जे जे काट्याले इचारतात त्याइले सांगा. आता काटा काही सांगत नाही म्हना. त्या साखरखेर्डेवाल्याले तं पयले सांगा."

"सांगीन."

"बिसरान."

"मामा, मी आजपर्यंत काही बिसरलो काय?"

ते खरं होतं. मी विसरत नाही. पावतीपुस्तकात माझी खाडाखोड नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी साखरखेर्डेवाला आला. बत्तीस फुटांचा बंद कंटेनर, मेहकरला माल उतरवून रिकामा, लोणारकडे निघालेला. दुपारचे तीन वाजून गेले होते. मागे आठ-नऊ गाड्या होत्या. एका सोयाबीनवाल्याशी माझी पावतीवरून बोलाचाली चालू होती. कंटेनर प्लेटीवर आला, नऊ हजार आठशे साठ, हिरवा दिवा. मी पावती छापून खिडकीतून पुढे केली. त्यानं ती शर्टाच्या खिशात घातली, डोकं आत घातलं आणि विचारलं, "काका, काटा हलते का?"

मी यंत्राकडे पाहिलं. जे दिसलं ते सांगितलं. "नाही. एकदम थीर हाय."

"मंग निंगतो." आणि तो गेला.

मी विसरलो असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. भिंत आहे हे मला ठाऊक होतं, ती माझ्या डोळ्यांसमोर होती. पण त्यानं आकडा विचारला आणि मी आकडा सांगितला. माझ्या सवयीनं मला तेवढंच सुचलं. पत्रे त्या वेळी वाजत होते की नाही, हे मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. वाजत असणार. वाजत नसते तर पुढचं घडलं नसतं.

बाभळींची रांग आमच्या काट्यापासून साडेचार किलोमीटरवर संपते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नंतर मी मोटारसायकलचा आकडा बघत जाऊन मोजलं. कंटेनर तिथे उलटला, रस्त्यावर नाही, रस्त्याच्या पूर्वेला खाली, नाल्याच्या दगडी भिंतीवर. केबिन खाली आली होती. पोहोचलेल्या लोकांनी सांगितलं की वेग फार नव्हता. साठ असेल. तेवढ्या हवेत मामांनी वीस ठेवला असता किंवा गाडी काढलीच नसती.

संध्याकाळी पोलीस आले. माझ्यासमोर त्यांनी पावती ठेवली. तिच्यावर वेळ छापलेली असते, तीन वाजून बावीस मिनिटं. पावतीचा एक कोपरा भिजून काळा झालेला होता.

"ही तुमची का?"

"हो."

"वजन बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. ते पावती घेऊन गेले.

मामा तिसऱ्या दिवशी आले. गाडी रस्त्यावरच लावली, प्लेटीवर आणली नाही. चालत खिडकीपर्यंत आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, पण माझ्या खिडकीतला भाग कोणाला माहीत नव्हता. तो मी सांगितला. सांगितला नसता तरी चाललं असतं, पण मी सांगितला.

"त्यानं काय इचारलं? बोल सांगा, जसाच्या तसा."

"काका, काटा हलते का."

"अन् तुम्ही?"

"नाही, एकदम थीर हाय, असं म्हनलं."

मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मंग बरोबरच सांगतलं तुम्ही." आवाज साधा होता, त्यात टोमणा नव्हता. पुढे म्हणाले, "चौतीस वर्षांत एकच माणूस माह्यं आयकाले लागला होता. नसता आयकत तं शिव्या देत देत भेत भेत गेला असता. वाचला असता." मग त्यांनी विचारलं की गाडीत चिंधी सापडली का. मला ठाऊक नव्हतं. ते गेले.

त्या महिन्याच्या शेवटी त्यांनी गाडी सोडली. या वेळी मालकानं काढलं नव्हतं. नववा मालक उलट मागे लागला होता, कारण त्या अपघातानंतर लोक मामांची किंमत करू लागले होते. आरशाला चिंध्या बांधलेल्या सहा-सात गाड्या मी मोजल्या. मामा गावी जाऊन बसले. ते गाव आमच्या काट्यापासून चौदा किलोमीटरवर आहे. मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा फाट्यावरून परत आलो. काय बोलायचं हे ठरत नव्हतं.

काट्याच्या मालकांना मी भिंत काढायला सांगितलं. ते म्हणाले, "भांडणं बंद झाली ना? मंग?" त्यांचंही खरं होतं. मग एका रविवारी मी पाना घेऊन गेलो आणि मधला एक पत्रा काढला, उत्तरेकडून दहावा. आठ बोल्ट होते. मालकांनी ती फट पाहिली आणि तशीच राहू दिली. त्या फटीतून आता हवा येते. आकडा दहा-वीस किलो हलतो. वैधमापनवाले तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, ही फट कशाला? मी म्हणालो, काट्याला बाहेरचं दिसावं म्हणून. त्यांना तो विनोद वाटला.

रिकाम्या गाडीच्या प्रत्येक ड्रायव्हरला, त्यानं विचारलं नाही तरी, मी आता पूर्ण वाक्य सांगतो. "इथं पत्र्याच्या आड वीस हलते. बाभळीच्या पुढं जास्त हाय." बरेचजण ऐकत नाहीत. काही पुढे गेल्यावर हसतात. माघारी ते मला काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

यंदाच्या मे महिन्यात, दुपारी साडेतीनच्या सुमारास, लोणारहून येणारी एसटी समोर थांबली आणि तिच्यातून मामा उतरले. दोन वर्षांनी. बरेच वाळले होते. डोकं उघडंच. खिडकीशी येतील असं मला वाटलं, पण ते रस्ता ओलांडून सरळ भिंतीकडे गेले. फटीशी उभे राहिले, तिच्यात हात घातला, हात बाहेर काढला. मग प्लेटीवर चढले आणि मधोमध, यंत्राकडे तोंड करून उभे राहिले.

दोनशे किलोच्या खालचं वजन आमचा काटा खरं धरत नाही, पण दाखवतो. साठ आलं. मग पन्नास. मग सत्तर. मग पुन्हा साठ. हिरवा दिवा लागला नाही.

त्यांना तेवढ्या लांबून आकडे दिसत होते की नाही, मला माहीत नाही. केस एका बाजूला उडत होते आणि सदरा अंगाला चिकटून फडफडत होता. मागे चार ट्रक येऊन थांबले होते. त्यातले दोन रिकामे होते. पहिल्याच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, मग डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ काका, त्या बुढ्याले हटवा ना! वजन करून राह्यला काय त्याचं?"

मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला थांबायची खूण केली.

"काटा हलून राह्यला," मी म्हणालो. "हलते तोवर कोणी हलू नका."